बदलीवर

परदेशीपुरा, इंदूर
११ नोव्हेंबर १९९०

श्री. बाळकृष्णराव यांस,
श्रीपादचा नमस्कार पोचावा. मनोरमाताईंनाही सांगावा.

दिवाळीचं आपलं कार्ड मिळालं. त्यावर छापलेल्या चित्राखाली आपण हाताने 'आमचा उपग्रह' असं लिहिलं आहे. तो उपग्रह नव्हे, उपग्रहाला वर नेणारा अग्निबाण आहे. आपण तिथल्या हिशेब खात्यात, तेव्हा ही गलती मी धरत नाही. पण कार्ड भिंतीवर लावलं आहे आणि येणारे-जाणारे वाचतात, म्हणून आपली परवानगी गृहीत धरून तो शब्द खोडला आणि वर बरोबर शब्द लिहिला.

आता मुद्द्याचं. येत्या मे महिन्यात आम्ही तिघं, म्हणजे मी, सरला आणि पूर्णिमा, आपल्याकडे त्रिवेंद्रमला येऊन थुंबाचं अंतराळ-संग्रहालय पाहणार असं मी ठरवलं आहे. सरला म्हणते, ताईच्या घरी जायचं तर 'ठरवलं आहे' असं काय लिहिता, 'येऊ का' असं विचारा. तर विचारतो. येऊ का?

कारण सांगतो. गणपतीत बडा गणपतीजवळच्या मंडळात मी दर वर्षी अंतराळावर बोलतो, हे आपल्याला ठाऊक आहे. माझी शाळा आठवीत सुटली. इंग्रजी मी डिक्शनरी मांडीवर घेऊन शिकलो आणि रद्दीतल्या मासिकांतून जे जमवलं, ते कुठल्याही कॉलेजवाल्यासमोर उभा राहून सांगू शकतो. यंदा बोलणं रंगात आलं होतं. मागच्या रांगेतून एक तरुण माणूस उठला, हात जोडून म्हणाला, "काकाजी, आपने देखा है क्या?" लोक हसले. तो चेष्टा करत होता की खरंच विचारत होता, मला अजून कळलेलं नाही. मी म्हटलं, पुढल्या वर्षी उत्तर देईन. भर मंडपात शब्द गेला. पूर्णिमा पहिल्या रांगेत होती. तिने मान खाली घातली ते मी पाहिलं.

म्हणून हे हवापालटाला येणं नव्हे. तिघांनी एकदा त्या अग्निबाणाखाली उभं राहायचं, आणि परत येऊन त्याच मंडपात सांगायचं की हो, पाहिला. बस, एवढंच.

रजेची चिंता नाही. मी साचेखात्यात, म्हणजे मागांच्या खात्यात, कायम जॉबर आहे. मागांची एक अख्खी ओळ माझ्या हाताखाली असते. आमच्या मिलच्या फाटकावर रोज सकाळी बदलीवाले उभे असतात. त्यांची नावं पटावर असतात, काम नसतं. एखादा कायमचा माणूस आला नाही, की त्याच्या बदली त्यांच्यातल्या एकाला आत घेतात, बाकीचे डबा तसाच घेऊन घरी जातात. बिचारे. मी मे महिन्यात निघालो की त्यांच्यातला कुणी तरी माझ्या जागी उभा राहील. मागांना फरक कळेल, साहेबाला कळणार नाही.

पास कोणाच्या सहीने मिळतो, आणि लहान अग्निबाण बुधवारी सोडतात हे खरं का, ते कळवावं. एका जुन्या फोटोत अग्निबाणाचं टोक सायकलवरून नेताना दाखवलं आहे. संग्रहालय ज्या जुन्या चर्चमध्ये आहे, तिथे ती सायकल कोणत्या बाजूला ठेवली आहे, तेही पाहून लिहावं. पूर्णिमाला मी उजवी बाजू सांगितली आहे.

आपला,
श्रीपाद


त्रिवेंद्रम
३ डिसेंबर १९९०

प्रिय श्रीपादराव,

तुमचं पत्र आलं तेव्हापासून मनोरमा गाणं गुणगुणत हिंडते आहे. 'येऊ का' म्हणे. अहो, आपण साडू. अमरावतीच्या एकाच घरातल्या दोन बहिणींनी आपल्याला सांभाळायला घेतलं आहे, आपल्यात परवानगी कसली? तुम्ही यायचं, आणि मनोरमाने मला आजवर तुमची जी जी उदाहरणं दिली, ती खरी की खोटी हे मी एकदा डोळ्यांनी बघणार.

अग्निबाणाची चूक मान्य. इथे इतकी वर्षं नोकरी करून मी फक्त व्हाउचरं उडवली.

पास मीच काढतो, आमच्या प्रशासन विभागाची सही लागते, ती घरचीच आहे. बुधवारचं बरोबर, पण दर बुधवारी नव्हे, आधी विचारून ठेवावं लागतं. आता खरं सांगतो. संग्रहालय आहे ते त्या जुन्या चर्चमध्ये, आणि मी आजवर एकदाच आत गेलो होतो, तेही पंख्यांची नोंद तपासायला. तुमच्यामुळे परवा मुद्दाम गेलो. सायकल नाही, उजवीकडेही नाही आणि डावीकडेही नाही. तिथल्या माणसाला विचारलं तर तो हसला. म्हणाला, सायकल ज्याची होती तो संध्याकाळी तिच्यावर बसून घरी गेला असणार. तुम्हाला वाईट वाटेल, पण आपल्या माणसाला खोटं लिहू नये म्हणून लिहिलं. उलट बाहेर अंगणात अग्निबाण उभे आहेत, त्यांना हात लावता येतो. कुणी ओरडत नाही. पूर्णिमाला हे सांगा.

तुमची पत्रं लांब असतात, याची तक्रार नाही. पण सांगून ठेवतो, की ती मनोरमा मोठ्याने वाचते आणि मी जेवता जेवता ऐकतो. मिलचं, यंत्रांचं काही आलं, की ती ते ओलांडून पुढे उडी मारते आणि पूर्णिमाचं नाव कुठे आहे ते शोधते. तेव्हा महत्त्वाचं असेल ते पूर्णिमाच्या आसपास लिहीत जा.

मे नक्की समजतो.

तुमचा,
बाळकृष्ण


परदेशीपुरा, इंदूर
२० फेब्रुवारी १९९१

श्री. बाळकृष्णराव यांस,
नमस्कार.

सायकलीचं आपण लिहिलंत ते मान्य करतो. म्हणजे आपल्याला ती दिसली नाही, एवढं मान्य करतो. पूर्णिमाला मात्र सांगितलं की नाही. ती म्हणाली, चालेल, मला सायकल बघायला एवढ्या लांब जायचंच नव्हतं. आता तिच्या डोक्यात अंगणातले अग्निबाण बसले आहेत. त्यांना हात लावला तर गरम लागेल का थंड, असं तिने विचारलं. मी सांगितलं, तिथे ऊन असतं, धातू आहे, गरमच लागणार. ती म्हणाली, सावलीत असला तर? हे मला सुचलं नव्हतं. ते अग्निबाण सावलीत आहेत का, कळवावं.

मे महिन्याचं जमेल असं दिसत नाही. आमच्याकडची दुसरी पाळी बंद केली. जानेवारीपासून मी बदलीवर आहे. बदलीवर असणं म्हणजे काय ते मी पहिल्या पत्रात लिहिलंच आहे, परत लिहीत नाही. अशा स्थितीत महिनाभर आधी तारीख देता येत नाही. दिवाळीनंतरचं धरून चालावं.

तयारी थांबलेली नाही. आपण चर्चचं जे थोडंफार लिहिलंत, त्यावरून आणि जुन्या फोटोंवरून मी आतला नकाशा काढला आहे. दार पश्चिमेला असावं असा माझा अंदाज आहे. बरोबर आहे का?

आपला,
श्रीपाद

ता. क. सरला लिहिते आहे. भाऊजी, ताईला सांगा, लोणच्याची बरणी यंदा पाठवत नाही, तिकडे येणारं कुणी नाही. हे फाटकावरून वापस आले की पडून राहतात, म्हणून पत्र पेटीत मीच टाकते आहे. ताईने मला एक वेगळं पत्र लिहावं.


त्रिवेंद्रम
१५ मार्च १९९१

प्रिय श्रीपादराव,

बदलीचं वाचून फार आनंद झाला. एकाच खात्यात एवढी वर्षं काढल्यावर बदली म्हणजे वर चढणंच. आमच्याकडे लोक तिच्यासाठी वशिले लावतात, साहेबाच्या पोराच्या मुंजीला आहेर नेतात, आणि तुम्ही एका ओळीत उरकलंत. मनोरमा म्हणाली, त्यांचा स्वभावच तो, वाईट वाटलं तर चार पानं आणि चांगलं झालं तर चार शब्द. तिने देवापुढे साखर ठेवली.

कुठे झाली ते लिहिलं नाहीत. उज्जैन, की बऱ्हाणपूर? क्वार्टर मिळालं का? सरला फाटकाचं काही लिहिते, म्हणजे रोज येऊन-जाऊन करता असं दिसतं. प्रकृती सांभाळा, या वयात दगदग होते. मनोरमा सरलाला वेगळं लिहिणार आहे, पण सध्या तिच्या हाताला भाजलं आहे, म्हणून माझ्याच पत्रात तिचा आशीर्वाद.

दार पश्चिमेलाच आहे. तुम्ही न बघता ओळखलंत, इतकी वर्षं इथे राहूनही मला होकायंत्र घेऊन जावं लागलं. अग्निबाण सकाळी सावलीत आणि दुपारी उन्हात असतात. पूर्णिमाने आपापलं ठरवावं.

मे गेला तर गेला. नव्या जागी बस्तान बसवायला वेळ लागतोच. दिवाळीनंतर या, हवाही बरी असते.

तुमचा,
बाळकृष्ण


परदेशीपुरा, इंदूर
२८ सप्टेंबर १९९१

श्री. बाळकृष्णराव यांस,
नमस्कार.

आपल्या मार्चच्या पत्राला उत्तर द्यायला उशीर झाला. सरलाने ते दोनदा वाचलं. मनोरमाताईंचा हात आता बरा असेल.

बदलीचं ठिकाण आपण विचारलंत. ते ठरलेलं नसतं. रोज सकाळी कळतं, आणि पुष्कळदा कळतही नाही. क्वार्टरचा प्रश्न येत नाही. साखरेबद्दल काय लिहू? ठेवलेली साखर परत उचलता येत नाही.

गणपतीत यंदा मी बोललो नाही. मंडळाचे लोक घरी आले होते. त्यांना म्हटलं, मी शब्द दिला होता, पाहिल्याशिवाय बोलणार नाही. त्यांनी आग्रह केला नाही. त्या वेळात ऑर्केस्ट्रा ठेवला.

झांकीत मात्र होतो. आपल्याला माहीत नसेल म्हणून लिहितो. इथे अनंत चतुर्दशीला मिलमिलच्या झांक्या निघतात, हलते देखावे, गाडीवर, दिव्यांच्या रोषणाईत, रात्रभर. माणसं रस्त्याच्या कडेला चादरी टाकून जागा धरतात. यंदा आमच्या मिलच्या झांकीत अग्निबाण असावा असं मी सुचवलं आणि मान्य झालं. आम्हा काही जणांना वेळही होता. पत्रा वाकवून केला. टोक बरोबर साधलं, पंख मात्र सांगितल्यापेक्षा जाड झाले, आमचा पत्रेवाला चिंतामण ऐकत नाही. म्हणे, "भिया, पब्लिक को पंख दिखना चाहिए." खालून लाल कागद आणि पंखा लावून ज्वाळा केल्या होत्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पूर्णिमा मैत्रिणींबरोबर उभी होती, तिने मला मागून गाडी ढकलताना पाहिलं आणि हात केला. मैत्रिणींना तिने काय सांगितलं ते मला माहीत नाही.

घरी आल्यावर तिने विचारलं, बाबा, खरा यापेक्षा मोठा असतो का? मी म्हटलं, खूप. ती म्हणाली, म्हणजे किती, आपल्या मिलच्या चिमणीएवढा? मी आकडा सांगितला. पण आकडा सांगणं आणि बघून सांगणं यात फरक आहे, हे तिला कळतं आणि मलाही कळतं.

वर्तमानपत्रात आता त्रिवेंद्रम ऐवजी तिरुवनंतपुरम छापून येतं. पाकिटावर कोणतं लिहावं, कळवावं. चुकीचा पत्ता मला लिहवत नाही.

दिवाळीनंतरचं या वर्षी धरू नये.

आपला,
श्रीपाद


तिरुवनंतपुरम (दोन्ही चालतं, पोस्टमन तोच आहे)
१४ नोव्हेंबर १९९१

प्रिय श्रीपादराव,

झांकीचं वाचून मी ऑफिसात चार जणांना सांगितलं. नव्या हुद्द्यावर असून गाडी ढकलायला उभे राहता, हे तुम्हीच करू जाणे. आमच्याकडचा अधिकारी खुर्ची ढकलायला शिपाई बोलावतो.

ठिकाण रोज बदलतं म्हणजे तुम्हाला फिरतीचं काम दिलेलं दिसतं. बरोबर आहे, जाणकार माणसाला एका जागी बसवून ठेवत नाहीत. आणि बघा, आता दिवसही तुमचे आहेत. देश मोकळा होतो आहे, बाहेरची यंत्रं येणार, जुन्या गिरण्या नव्या होणार. ती यंत्रं समजून घेणारा माणूस त्यांना कुठे मिळणार आहे? तुम्हाला डोक्यावर घेतील. इथे आमच्या कँटीनमध्ये सगळे हेच बोलतात.

पास मी वर्षभर चालेल असा करून ठेवला आहे. तारीख रिकामी आहे, तीन नावं लिहून झाली आहेत. तुम्ही फक्त कळवायचं.

मनोरमाचा हात बरा आहे. पत्र लिहायचं म्हणते आणि राहतं. तुम्हाला ठाऊकच आहे, या दोघी बहिणी भेटल्या की बोलतील, कागदावर दोघींचंही तोंड उघडत नाही.

तुमचा,
बाळकृष्ण


परदेशीपुरा, इंदूर
८ मार्च १९९२

श्री. बाळकृष्णराव यांस,
नमस्कार.

हे पत्र आपण स्वतः वाचावं अशी विनंती आहे.

आमची मिल डिसेंबरापासून बंद आहे. जुने माग उतरवून बाहेर नेत आहेत. मी रोज जाऊन येतो. फाटकासमोर चहाची टपरी आहे, तिथे आम्ही काही जण बसतो. यावरून आपल्याला परिस्थितीची कल्पना येईल.

पूर्णिमा शाळेनंतर मल्हारगंजात एका एसटीडीच्या दुकानात बसते. काचेच्या खोलीत माणूस लांबवर बोलतो आणि बाहेर लाल आकडे पळतात, ते तिने बघायचं असतं. परवा म्हणाली, बाबा, मालक रात्रीच्या रेटमध्ये एक कॉल लावू देतो म्हणाले, मावशीला लावू का? मी नको म्हटलं. फोनवर माणूस घाईत बोलतो आणि अर्धं राहून जातं. पत्रात सगळं बरोबर सांगता येतं.

आतला नकाशा आता पूर्ण झाला आहे. दारातून शिरल्यावर कुठून सुरुवात करायची, कुठे वळायचं, पूर्णिमाला कोणत्या ठिकाणी काय सांगायचं, सगळं ठरलेलं आहे. मी ते एकटा बसून म्हणून पाहतो. मराठीत म्हणतो, मग हिंदीत. हिंदीत जास्त बरं वाटतं. सरला आतून ऐकते, पूर्वी मधेच हसायची.

कधी निघणं होईल ते सांगता येत नाही. वेळ नाही असं नव्हे. वेळ पुष्कळ आहे.

आपला,
श्रीपाद


तिरुवनंतपुरम
९ ऑक्टोबर १९९२

प्रिय श्रीपादराव,

मधल्या काळात माझ्याकडून पत्र झालं नाही, राग मानू नका. तुमचं मार्चचं पत्र मी स्वतः वाचलं, अगदी चष्मा पुसून. गिरणीची नवी यंत्रं बसली का? जुनी उतरवायलाच वर्ष जातं म्हणतात. तोवर तुम्हाला टपरीवर बसून पगार, म्हणजे सरकारी माणसालाही हेवा वाटावा.

बातमी अशी, की तुमच्या पाठोपाठ माझीही बदली झाली. बेंगळूरला. डिसेंबर अखेर इथलं घर सोडायचं आहे. त्यामुळे आता पुढे ढकलाढकली नको. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात या, भोपाळपर्यंत तुम्ही पोचा, पुढच्या गाडीचं आरक्षण मी इथून करवतो. मनोरमा म्हणते, या घरात बहीण एकदाही आली नाही आणि घर सोडायची वेळ आली.

हो, एक गंमत सांगायची राहिली. जूनमध्ये संग्रहालयात माहिती सांगायला एक माणूस हवा होता. उत्तरेकडून शाळांच्या सहली फार येऊ लागल्या, आणि इथे हिंदीचा दुष्काळ. काम कंत्राटी, पण शिक्षणाची अट नाही, वयाची अडचण नाही, मागे राहायला दोन खोल्या. निवड करणारे गृहस्थ माझ्याच मजल्यावर बसतात. मला म्हणाले, तुझ्या ओळखीत असा कुणी आहे का, ज्याला हे सगळं तोंडपाठ आहे आणि पोरांशी बोलायचा कंटाळा नाही? मला हसू आलं. म्हटलं, आहे एक, साक्षात माझा साडू, पण तो मोठ्या नोकरीत आहे, नुकताच बदलीवर वर गेला, त्याला हे विचारायचं म्हणजे त्याचा अपमान करायचा. मनोरमा म्हणाली, विचारून तर बघा. मी म्हटलं, श्रीपादरावांना तुझ्यापेक्षा मी ओळखतो.

शेवटी पालघाटचा एक निवृत्त रेल्वे गार्ड मिळाला. हिंदी बरी आहे. अग्निबाण हवेला मागे ढकलून वर जातो असं तो पोरांना सांगतो, हे चूक आहे हे मलासुद्धा तुमच्यामुळे कळतं. तुम्ही आलात की त्याला सरळ करा.

तारीख कळवा. तार केली तरी चालेल.

तुमचा,
बाळकृष्ण


परदेशीपुरा, इंदूर
२ नोव्हेंबर १९९२

श्री. बाळकृष्णराव यांस,
नमस्कार.

आपल्या बदलीबद्दल अभिनंदन.

आपल्या पत्रात एक शब्द चुकीचा पडला आहे, तो दुरुस्त करतो. बदली होणं वेगळं आणि बदलीवर असणं वेगळं. आपली बदली झाली. मी बदलीवर होतो, म्हणजे कायमच्या पटावरून माझं नाव काढून बदलीच्या पटावर घातलं होतं. मी रोज सकाळी फाटकावर उभा राहत होतो. फाटकावरचा माणूस 'आज नहीं, श्रीपादजी' म्हणायचा. इतरांना नुसतं 'आज नहीं' म्हणायचा. मला 'जी' लावायचा, हा त्याचा चांगुलपणा. डिसेंबरात मिल बंद झाली आणि तेही संपलं. यंत्रं उतरवली ती भंगारात गेली. त्यांच्या जागी काही येणार नाही. पगार नाही.

मी आपल्याला एकही खोटा शब्द लिहिलेला नाही. सरलालाही मी हेच सांगत आलो. साखरेचं पत्र आलं, त्या दिवशी ती म्हणाली, मी ताईला सगळं लिहिते. मी लिहू दिलं नाही. म्हटलं, मी बरोबर लिहिलं आहे, गलती वाचणाऱ्याची आहे, त्यांची त्यांना कळू दे. त्यानंतर मी वाट पाहत होतो. प्रत्येक पत्रात एवढं लिहीत गेलो, की वाचणाऱ्याला वाटलं असतं तर कळलं असतं. यापेक्षा जास्त मला लिहिता येत नव्हतं.

हे आपलं पत्र सरलाने मोठ्याने वाचलं. मी खाटेवर बसलो होतो. जागेचा मजकूर आला तिथे ती थांबली नाही. दोन खोल्यांचं वाचलं, मनोरमाताई काय म्हणाल्या ते वाचलं, रेल्वेच्या गार्डाचं वाचलं. शेवटपर्यंत वाचून घडी घातली. मग म्हणाली, "बरोबर लिहिलं होतंत ना तुम्ही? मग बसा आता बरोबर."

आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, बाळकृष्णराव, ती मला असं कधी बोलली नव्हती. आवाज चढवला नाही. उठून आत गेली आणि भांडी घासत बसली. घासलेलीच होती.

संध्याकाळी पूर्णिमा आल्यावर मी तिला म्हटलं, निदान बघून तर येऊ, मावशी घर सोडते आहे, गाडीचं काहीतरी करू. ती नको म्हणाली. मी कारण विचारलं. ती पोर खोटं बोलत नाही, हे तिने माझ्याकडून घेतलं आहे. म्हणाली, "तिथे तो माणूस उभा असेल, आणि तुम्ही सगळ्यांच्या पुढे त्याच्या गलत्या काढाल. मला ते देखवणार नाही, बाबा."

मी रात्री बराच वेळ याचं उत्तर शोधलं. काढल्या असत्या. त्या माणसाने तोंड उघडलं असतं आणि मी मधे बोललो असतो. पूर्णिमा बरोबर आहे.

मला ती जागा मिळाली असती का, असं आपल्या मनात येईल. आलं तर उत्तर लिहून ठेवतो. मिळाली असती.

त्या गार्डाला अग्निबाणाचं सांगू नये. मी आधी इथे पूर्ण खुलासा लिहिला होता, तो कागद फाडला. त्याला त्याचं काम करू द्यावं. पोरं हसतात का, प्रश्न विचारतात का, तो कुठे उभा राहून सांगतो, हे आपण कधी पाहिलं असेल, तर तेही मला कळवू नये.

आम्ही येत नाही. पासावरची तीन नावं खोडावीत. कोऱ्या पासाचा दुसऱ्या कुणाला उपयोग होईल.

आपल्यावर माझा राग नाही. मनोरमाताईंनी विचारून बघा म्हटलं होतं, त्यांना सरलाचा नमस्कार सांगावा. सरलाने तो वेगळा सांगितला आहे.

बेंगळूरचा पत्ता तूर्त पाठवू नये, आणि या पत्राचं उत्तरही लिहू नये. आमच्याकडे डाक दुपारी येते. पोस्टमन गल्लीच्या तोंडापासून नाव घेऊन हाक मारतो, आणि भर दुपारी घरातून मी बाहेर येतो, ते सगळ्यांना दिसतं.

श्रीपाद